रजिस्टरचे पेन

शाळेच्या कार्यालयातली बहुतेक कामे आता संगणकावर गेली आहेत. सरलवर माहिती भरायची, यू-डायसवर भरायची, आधार जुळवायचे, शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे पाठवायचे. एक वही मात्र अजून हातानेच लिहावी लागते, ती म्हणजे जनरल रजिस्टर. मूल शाळेत दाखल झाले की त्याचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा अशी एक लांबलचक आडवी ओळ तिथे लिहायची. मूल शाळा सोडून गेले की त्याच ओळीच्या उजव्या टोकाला दिनांक, कारण आणि शेरा. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, प्रवेश-निर्गम उतारा, सगळे या एका ओळीवरून निघते. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी लिपिक आहे आणि हे रजिस्टर शाईच्या पेनाने लिहिते. पेन महागाचे नसते. सादिल खर्चात बसेल आणि मुख्याध्यापक बिलावर न विचारता सही करतील, एवढ्याच किमतीचे. अशी पेने निवडून आणणे, चालत नसतील तर का चालत नाहीत ते शोधणे आणि त्यांना रजिस्टरच्या लायक करणे हे माझ्या कामाचाच भाग होऊन बसले आहे.

शाईच का, हे मला नवीन लागलेले सहकारी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर कपाटात आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढे राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. १९४८पूर्वीच्या नोंदी वेगळ्या, १९४८ ते १९६७ या काळातल्या वेगळ्या, असे तक्ते भरून द्यायचे होते. आमची शाळा स्वातंत्र्याच्या आधीची. कापडी बांधणीची जुनी रजिस्टरे खाली काढली, धूळ झटकली आणि पानन् पान डोळ्यांखालून घातले. कागद पिवळा पडला होता, कडा कुरतडल्या होत्या, पण अक्षर जिथल्या तिथे होते. काळे, किंचित तपकिरी झाक आलेले, वेलांट्या आणि रफार शाबूत. त्यानंतरच्या काळातली, बॉलपेनने लिहिलेली काही पाने मात्र मला दोनदा तीनदा उजेडात धरावी लागली. कुठे अक्षर जांभळट फिके झालेले, कुठे अक्षराभोवती तेलकट कड पसरलेली. आजोबांची नोंद वाचता येते आणि वडिलांची येत नाही, हे मी माझ्या टेबलावर पाहिले आहे. समोर त्या घरातला मुलगा उभा होता.

जुन्या निळ्या-काळ्या शाईची ताकद तिच्या रसायनात होती. मायफळातले टॅनिन आणि हिराकस यांच्यापासून ती बनत असे. लिहिताना ती फिकी असते, म्हणून लिहिणाऱ्याला दिसावे यासाठी तिच्यात निळा रंग घालत. मग हवेतला प्राणवायू लागून ती कागदाच्या धाग्यांतच काळी होते आणि पाण्याने उठत नाही. आमच्या सादिलच्या जुन्या वहीत शाईच्या पुडीचा खर्च टाकलेला आहे. पूड पाण्यात कालवून शाळेतच शाई करत. कॅमलिनच्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला तो असाच, शाईची पूड आणि गोळ्या विकून.

आता पेनाकडे येते. रजिस्टरला पेन लावताना मी शेवटी एकच गोष्ट बघते, अनुस्वार उमटतो की नाही. ऐकायला हे लहान वाटेल, पण स्वस्त शाईपेनाचा सर्वांत मोठा दोष तिथेच उघडा पडतो. लांब रेघ ओढताना शाई थोडी उशिरा आली तरी चालून जाते. रेघेची सुरुवात कोरी राहते, हात पुन्हा एकदा फिरतो. अनुस्वाराला दुसरी संधी नसते. निब कागदाला टेकली आणि उचलली, तेवढ्यात शाई उतरली तर बिंदू उमटतो, नाहीतर नुसता एक दाबल्याचा ठसा राहतो आणि घाईत तो लक्षातही येत नाही. शिंदे या आडनावाचे शिदे होते, कांबळेचे काबळे होते. पुढे हे मूल दहावीचा फॉर्म भरते, जात पडताळणीला जाते, पासपोर्ट काढते आणि प्रत्येक ठिकाणी दोन कागदांतला तो एक बिंदू जुळत नाही. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. मुलाने शाळा सोडल्यावर नावातली दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, पालकांच्या मजुरीचे दिवस बुडतात. म्हणून पहिल्या स्पर्शाला लिहिणार नाही ते पेन, मग ते कितीही देखणे असो, माझ्या उपयोगाचे नाही.

पुण्याला काम निघाले की मी अप्पा बळवंत चौकात जाते. तिथे दुकानदाराला गिऱ्हाइकाने पेन हातात घेऊन बघण्याची सवय असते. तालुक्याच्या गावात पेन प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असते आणि पिशवी फाडली की ते घ्यावेच लागते असा समज असतो. पण नीट विचारले की तिथलेही लोक ऐकतात. ‘काका, शाई नको, नुसत्या पाण्यात बुडवून एक रेघ ओढू का?’ असे विचारल्यावर ‘ओढा की ताई, पाण्यानं काय बिघडतंय!’ असेच उत्तर बहुतेक वेळा मिळते. पाण्याने पेन खराब होत नाही, पुसले की नवे ते नवेच. पाण्यात बुडवून कागदावर ओळभर लिहिले तर निबेचे टोक कागदाला लागते की घसरते, एवढे हाताला कळते. शाई आतून कशी येईल हे यातून कळत नाही, ते घरी गेल्यावर.

देवनागरी लिहिणाऱ्याने या परीक्षेत शिरोरेघेकडे कान द्यावा. आपली शिरोरेघ सरळ डावीकडून उजवीकडे जाते. निबेला मधोमध चीर असते आणि तिच्या दोन बाजूंच्या दोन पात्यांची टोके एका पातळीत असायला हवीत. डावे पाते जरासे खाली असेल तर शिरोरेघ ओढताना त्याची चिरेकडची धार कागदात रुतते आणि खरखर ऐकू येते. उजवे पाते खाली असेल तर शिरोरेघ गुळगुळीत जाते आणि उलट दिशेला, म्हणजे ‘ट’ किंवा ‘ठ’चे पोट डावीकडे वळवताना खरखर लागते. दोष कुठल्या पात्यात आहे ते अशा रीतीने अक्षरच सांगून टाकते. थोडीच खरखर असेल तर मी ते पेन तरीही घेते, कारण ती नखाने बरी होते. निबेचे टोक वाकलेले असेल किंवा टोकाचा कठीण धातूचा दाणा एकीकडे मोठा आणि एकीकडे लहान दिसला तर ठेवून देते. निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ असे कोरलेले असते, त्याला फार महत्त्व देऊ नये. आजकालच्या बहुतेक निबांच्या टोकाला इरिडियम नसतेच, दुसऱ्या कठीण धातूंचे मिश्रण असते आणि तेही वर्षानुवर्षे झिजत नाही.

आणि निब बारीकच घ्यावी. रजिस्टरचे रकाने अरुंद असतात. मध्यम निबेने ‘ज्ञानेश्वर’ लिहिले की ज्ञ चे पोट भरून जाते, ‘सिद्धेश’मधला द्ध नुसता डाग दिसतो.

घरी आणलेल्या पेनात लगेच शाई भरू नये, हे मी सगळ्यांना सांगते. स्वस्त पेन वाईट नसते, अर्धवट असते. महागड्या पेनावर शेवटी एक माणूस बसून निब तपासतो, पाती जुळवतो, लिहून बघतो. त्या माणसाच्या कामाचे पैसे आपण दिलेले नसतात, म्हणून ते काम आपल्या वाट्याला येते. पहिले काम धुण्याचे. साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा निबेखालच्या काळ्या पट्टीवर राहिलेला असतो आणि तेलाला पाण्याची शाई धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून पुढचा भाग धुवायचा, मग साध्या पाण्याने साबण पूर्ण जाईपर्यंत. कढत पाणी नको, प्लॅस्टिक वाकते. निब खाली करून सुती फडक्यावर रात्रभर ठेवले की आतले पाणी फडके ओढून घेते. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी भिंग लागते. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग फार महाग मिळत नाही. निब खिडकीसमोर धरून चिरेतून उजेड बघायचा. वरच्या छिद्रापाशी चीर जरा रुंद दिसावी आणि टोकाकडे येता येता निमुळती व्हावी. केशाकर्षणाचा नियम असा की शाई रुंद जागेतून अरुंद जागेकडे आपोआप ओढली जाते. चीर टोकाशीच फाकलेली असेल तर शाई मध्येच थांबते, पुढे येत नाही. उलट दोन्ही पाती एकमेकांना इतकी घट्ट चिकटलेली असतील की उजेडाचा धागाही दिसत नाही, तर शाईला वाटच नसते. मी पाहिलेल्या स्वस्त पेनांत हा दुसरा दोष फार आढळतो. पितळेची अगदी पातळ पट्टी चिरेत वरून अलगद सरकवून छिद्राकडून टोकाकडे एक-दोनदा ओढली की पाती केसभर सुटी होतात. ब्लेड वापरू नये, चिरेच्या आतल्या बाजूला चरा पडतो. एकदा ओढायचे, शाईत बुडवायचे, लिहून बघायचे. एका वेळी जास्त ओढले तर पेन ओघळायला लागते आणि फाकलेली पाती पुन्हा जवळ आणणे फार कठीण असते.

मग येतो तो दोष, ज्याने मला सर्वांत जास्त दमवले. पेन धुतलेले, चीर बरोबर, शाई भरपूर, रेघ ओढली की सुंदर ओल्या शाईची रेघ, आणि अनुस्वार मात्र दर चार-पाचात एक कोरा. भिंगातून पाहिले तर सगळे चकचकीत. दोष त्या चकचकीतपणातच होता. कारखान्यात टोक जास्त घासले गेले की चिरेच्या दोन्ही आतल्या कडा गोल होतात. मग शाई चिरेच्या तोंडाशी येऊन थांबते, पण कागदाला टेकतात ती बाजूची दोन गोल टोके. शाई आणि कागद यांच्यामध्ये बारीकशी फट राहते. हात हलला, थोडा दाब आला की फट भरते आणि पेन चालू लागते. नुसते टेकवून उचलण्यात तेवढा अवधी मिळत नाही. दुकानात अशी निब सगळ्यात मुलायम वाटते, म्हणून हा दोष खरेदी करताना सापडत नाही. त्याला उपाय आहे. सर्वांत बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरवर, निबेत शाई असताना, अजिबात दाब न देता इंग्रजी आठचा आकडा थोडा वेळ गिरवायचा आणि प्रत्येक वेळी कागदावर अनुस्वारांची रांग देऊन बघायची. गोल टोके कणभर खाली येतात, फट मिटते. पेन थोडे कमी गुळगुळीत लागते, आणि रजिस्टरला तेच बरे. अनुस्वारांची अख्खी रांग एकही बिंदू न गाळता उमटली, तेव्हा मी ते पेन कार्यालयात नेले.

निबेखालच्या त्या काळ्या पट्टीला पेनवाले जीभ म्हणतात. तिच्यात शाई खाली यायला एक बारीक खाच असते आणि तेवढीच हवा वर जायला वाट असते. हवा आत गेली नाही तर शाई बाहेर येत नाही. १८८४ साली न्यू यॉर्कच्या वॉटरमनने ज्या रचनेचे पेटंट घेतले तिचे मर्म हेच, आणि आज शंभर रुपयांच्या पेनातही ते तसेच चालते. जीभ निबेला चिकटून बसलेली नसेल तर पेन अडखळते. आपल्याकडच्या कित्येक पेनांत निब आणि जीभ नुसत्या घट्ट खोचलेल्या असतात. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने धरून सरळ ओढल्या की निघतात, नीट मधोमध बसवून पुन्हा खोचता येतात. पिळायच्या मात्र नाहीत.

काही पेने दिवसभर लिहितात आणि सोमवारी सकाळी कोरडी असतात. तेव्हा दोष निबेत नसतो, टोपणात असतो. टोपण ओठाला लावून फुंकून पाहावे. क्लिपच्या मुळाशी हवा जात असेल तर रात्रीतून शाई सुकते. आतून तिथे मेणाचा ठिपका बसवला की काम होते. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या पेनाला मात्र हे करू नये. काही टोपणांना वरचे भोक मुद्दाम ठेवलेले असते, मुलाने टोपण गिळले तर श्वास अडू नये म्हणून.

ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची पेने मला मनापासून आवडतात, शाई भरपूर मावते आणि बिघडण्यासारखे त्यांत काही नसते. तरी रजिस्टरला मी ती लावत नाही. शाई एकतृतीयांशाच्या खाली गेली की वर हवा साठते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि निबेवर एकदम थेंब ढकलते. प्रवेशाचे दिवस जूनमधले, पाऊस लांबलेला, पत्र्याखालचे कार्यालय तापलेले. तो थेंब कुणाच्या जन्मतारखेवर पडेल सांगता येत नाही. रजिस्टरसाठी ओढून भरायचा कन्व्हर्टर असलेले पेन बरे, त्यात हवा थोडीच राहते. ड्रॉपरचे पेन टिपणे आणि पत्रांसाठी ठेवावे, निम्मे झाले की भरावे आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे.

शाईच्या दौतीवर काय लिहिले आहे त्यावर मी विसंबत नाही. निळी-काळी म्हणून मिळणारी प्रत्येक शाई जुन्या जातीची नसते. कागदाच्या पट्टीवर लिहावे, दिवसभर वाळू द्यावे, मग नळाखाली धरावे. रॉयल ब्लू बहुधा वाहून जाते, ती मुलांच्या वह्यांना ठीक. दुसरी पट्टी मे महिन्याच्या सुट्टीत खिडकीच्या काचेला चिकटवावी, अर्धी पुठ्ठ्याने झाकून. शाळा उघडल्यावर पुठ्ठा काढला की दोन अर्ध्यांतला फरक बघून कुठली शाई घ्यायची ते ठरते. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई टिकाऊ असते म्हणून ती पेनात भरण्याचा मोह होतो. तसे कधी करू नका. तिच्यात लाखेसारखे पदार्थ असतात, जिभेच्या खाचांत ते कडक झाले की पेन गेले. आणि हिराकसाची शाई वापरत असाल तर महिन्यातून एकदा पेन धुवाच. ती आम्ल असते, स्टीलच्या निबेला हळूहळू खाते.

एक अडचण फक्त रजिस्टर लिहिणाऱ्यालाच येते. वही जाड, बांधणीपाशी पान कमानीसारखे वर उचललेले, आणि विद्यार्थ्याचे नाव नेमके तिथेच, डाव्या बाजूच्या पहिल्या रकान्यांत. कमानीवर निबेचा कोन बदलतो, एक पाते कागद सोडते आणि चांगले चालणारे पेन तिथे अडते. अशा वेळी पेन दाबू नये, पान सपाट करावे. आमचे शिपाई मामा प्रवेशाच्या दिवसांत एक लाकडी पट्टी बांधणीलगत दाबून धरतात आणि माझी ओळ होईपर्यंत सोडत नाहीत.

नवीन शैक्षणिक वर्षाच्या खरेदीची यादी एप्रिलमध्ये होते. मुख्याध्यापकांना आणि माझ्यासारख्या लिपिक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की त्या यादीत एक बारीक निबेचे शाईपेन, एक भिंग आणि पाण्याच्या व उन्हाच्या परीक्षेत उतरलेल्या शाईची एक दौत लिहा. सगळे मिळून प्रिंटरच्या एका टोनरपेक्षा कमी खर्च येतो. पेन आणल्यावर धुवा, तपासा, आणि रजिस्टरला लावण्याआधी रोज सकाळी कोऱ्या कागदावर एक ओळभर अनुस्वार द्या. त्यातला एक जरी गळाला, तर त्या दिवशी ते पेन बाजूला ठेवा आणि दुसरे घ्या.